पायथनमध्ये मोठी डिक्शनरी नीट कशी छापायची? मराठी नावं, दशांश, क्रम सगळंच बिघडतंय

राजारामपुरीकर
नमस्कार मंडळी. पावसाळ्यासाठी एक छोटं काम हातात घेतलंय, कोल्हापूर जिल्ह्यातल्या बाराही तालुक्यांचा पाऊस, राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी आणि राधानगरीचे कुठले स्वयंचलित दरवाजे उघडलेत, हे सगळं एका डिक्शनरीत गोळा करायचं आणि रोज सकाळी गावाकडच्या ग्रुपवर टाकायचं. डेटा गोळा व्हायलाय, त्यात काही अडचण नाही, अडचण छापण्यात आहे. साधं प्रिंट केलं की एका ओळीत सगळं गुंतवळ येतंय, कुठला कंस कुठं संपला कळत नाही. पीप्रिंट (पायथनचं नीट ओळी पाडून छापणारं मोड्यूल) लावलं तर ओळी सुट्ट्या झाल्या पण तालुक्यांचा क्रम बदलला, आमच्या तक्त्यात हातकणंगले, शिरोळ, पन्हाळा असा क्रम आहे तर तिथं आजरा पहिला आला. मग एकानं सांगितलं जेसन (डेटा मजकुरात लिहायची एक पद्धत) करून छाप, तर सगळी मराठी नावं जाऊन उलटी तिरकी रेघ, यू आणि आकडे असलं काहीतरी यायला लागलं. आणि पावसाची बेरीज कधी कधी ०.३०००००००००००००००४ असली येतीय. पातळी मी फूट आणि इंच असा टपल, म्हणजे दोन किमतींची जोडी, ठेवलाय. यातलं नेमकं काय वापरायचं, कुणी नीट सांगेल काय?

उद्यमनगर_वर्कशॉप
भावा तुझे चार वेगळे प्रॉब्लेम आहेत, एकेक घे.

क्रम आधी. पायथन ३.७ पासून डिक्शनरी घातलेल्या क्रमानंच राहते, भाषेचीच हमी आहे ती. पीप्रिंट मात्र तिच्या आधीपासूनचं, त्यामुळं ते छापताना की (प्रत्येक नोंदीचं नाव) सॉर्ट करतंय, आजही डीफॉल्ट तसंच आहे. ३.८ मध्ये सॉर्ट_डिक्ट्स नावाचा पर्याय आला, तो फॉल्स दे म्हणजे तुझा क्रम तुला मिळेल. किंवा त्याच मोड्यूलमध्ये पीपी नावाचं छोटं फंक्शन आहे, तेही ३.८ चंच, ते मुळातच सॉर्ट करत नाही. मी हल्ली तेच वापरतो.

आणि सॉर्ट केलेलं हवं असलं तरी मराठीला ते पुरत नाही. सॉर्ट युनिकोडनं प्रत्येक अक्षराला दिलेल्या नंबरानं होतंय, तिथं ळ हा ल च्या लगेच पुढं बसलाय, म्हणजे व, श, स, ह यांच्या आधी. आपल्या वर्णमालेत ळ ह च्या नंतर. तुझ्या बारा तालुक्यांच्या नावांत हे कुठं आडवं येत नाही पण उद्या गावांची यादी घेतलीस की येईल.

जेसनचं म्हणशील तर एन्शुअर_आस्की हा पर्याय मुळात ट्रू असतो, तो फॉल्स कर, मराठी जशीच्या तशी येईल. बिघडलेलं काही नाही, क म्हणजे ०९१५ एवढंच ते लिहीत होतं, परत वाचलं की क च येतो. फक्त माणसाला वाचता येत नाही, आणि यूटीएफ-८ मध्ये जे अक्षर ३ बाइटांत बसतं त्याला तिथं ६ लागतात.

मेघा_शाहूपुरी
मी फ्रंटएंडवाली आहे, पायथन कामापुरतं. पण मला वाटतं सरळ जेसनच करा, इंडेंट २ द्या, एन्शुअर_आस्की फॉल्स आणि विषय संपवा. सगळ्यांना वाचता येतं, ब्राउझरला कळतं, एडिटरमध्ये रंगीत दिसतं. मी नोडमध्येही (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवतो तो) हेच करते कारण तिथं कन्सोल.लॉग केलं की दोन पायऱ्यांच्या खालचं सगळं नुसतं चौकोनी कंसात ऑब्जेक्ट म्हणून येतं, आत काय आहे दिसतच नाही. स्ट्रिंगिफाय करून जेसन केलं की सगळं उघडं.

उद्यमनगर_वर्कशॉप
मेघाताई, इथं जेसनला अडचण आहे. त्यांचा डेटा बघा. पातळी टपल आहे, जेसनमध्ये ती लिस्ट होणार. राधानगरीला सात दरवाजे, त्यांचे नंबर की म्हणून असतील तर ते पूर्णांक आहेत, जेसनमध्ये की म्हणजे स्ट्रिंगच, त्यामुळं ६ चा अवतरणातला ६ होणार. नुसतं बघायला ठीक, पण तीच फाईल दुसऱ्या दिवशी परत वाचली आणि सहावा दरवाजा शोधला तर सापडणारच नाही, की-एरर. तारीख असेल तर जेसन थेट नकारच देतंय, सेटलाही नकार, डेसिमल या नेमक्या दशांशाच्या प्रकारालाही. मग लोक डीफॉल्टला स्ट्र देऊन मोकळे होतात आणि कुठली वस्तू मूळची तारीख होती आणि कुठली नुसती अक्षरं हे पुसलं जातं.

जेसन हे दोन प्रोग्रामनी एकमेकांना माल पाठवायचं साधन आहे. आत नक्की काय आहे हे बघायला ते वापरलं तर बघताना वस्तूच बदलते.

मेघा_शाहूपुरी
की चा मुद्दा पटला. नोडमध्येही मग स्ट्रिंगिफायपेक्षा कन्सोल.डिर ला डेप्थ नल देणं बरं, ते बरोबर. तसंही एखादी वस्तू फिरून स्वतःकडंच बोट दाखवत असेल तर स्ट्रिंगिफाय टाइप-एरर देतं, बिगइंट आला तरी देतं. कन्सोल.डिर ज्याच्यावर चालतं ते इन्स्पेक्ट मात्र सर्क्युलर असं लिहून पुढं जातं.

एक अजून, नवीन लोकांसाठी. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये ऑब्जेक्ट लॉग केला आणि त्यावरचा बाण नंतर उघडला तर आतली किंमत उघडतानाची दिसते, लॉग केलं त्या क्षणाची नाही. मधल्या काळात कोडनं ती बदलली असेल तर भलतंच दिसतं आणि माणूस दुसरीकडंच चूक शोधत बसतो. त्या क्षणाचं हवं असेल तर आधी प्रत काढून ती छापा.

राजारामपुरीकर
उद्यमनगर दादा, मेघाताई, दोघांचे आभार. पीपी लावलं, क्रम आला. आता दशांशाचं सांगा. मी बेरजेवर राउंड लावू काय? आणि पातळी टपल ठेवल्यामुळं वजाबाकी करताना त्रास होतोय म्हणून फुटात दशांश करावं म्हणतोय.

प्राध्यापक_करवीर
पातळी दशांशात करू नका, अगदी कळकळीनं सांगतो.

राजाराम बंधाऱ्याला इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. आता समजा पाणी ४२ फूट ११ इंचावर आहे. दशांशात ते ४२.९१६६६ असं काहीतरी होणार. कुणीतरी म्हणणार एवढे आकडे कशाला, छापताना पूर्णांकात छाप. छापून येणार ४३. म्हणजे नदीनं धोका पातळी गाठलेली नसताना तुमच्या मेसेजनं गाठली. २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी बघितलेत त्यांना सांगायला नको की त्या एका आकड्यावर माणसं जनावरं हलवायची का, सामान माडीवर चढवायचं का हे ठरवतात. छापण्याचा फॉरमॅट इथं सजावटीचा भाग राहत नाही.

उपाय सोपा आहे. आत सगळं इंचात पूर्णांक म्हणून ठेवा. ४३ फूट म्हणजे ५१६ इंच, ३९ फूट म्हणजे ४६८. तुलना, वजाबाकी सगळी पूर्णांकांत, कुठं गोलाई नाही. छापतानाच डिव्हमॉड वापरून १२ नं भागा, ५१५ चे ४२ फूट ११ इंच मिळतात.

पावसाचंही तेच तत्त्व. राउंड लावून साठवलेला आकडा बदलू नका, छापताना फॉरमॅटमध्ये एक दशांश मागा. साठवलेला आकडा आणि कागदावर दिसणारा आकडा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायची सवय लागली की निम्मे प्रश्न उरतच नाहीत.

ऊस_काटा_बिल
सरांचं शंभर टक्के. आमच्याकडं ऊसबिलाचं सॉफ्टवेअर आहे, तिथं पैशाच्या बाबतीत आणखी कडक राहावं लागतंय. साध्या फ्लोटला (पायथनचा नेहमीचा दशांश आकडा) दोन दशांश मागितले आणि आकडा २.६७५ असला तर पायथन २.६७ छापतंय, शेतकरी म्हणणार २.६८ पाहिजे आणि त्याचं बरोबर आहे. मशीनमध्ये २.६७५ नेमका बसतच नाही, किंचित कमी बसतो, म्हणून असं होतंय. पैसे असतील तर डेसिमलमध्ये ठेवायचे आणि क्वांटाइझ करताना, म्हणजे ठरावीक दशांशांवर आणताना, राउंड-हाफ-अप (अर्धा आला की वर) आपण स्वतः सांगायचं, छापण्यावर सोडायचं नाही.

आणि लाखाचा स्वल्पविराम! एफ-स्ट्रिंगमध्ये स्वल्पविराम मागितला की तीन-तीनचे गट पडतात, १,२३४,५६७ असं. आपल्याकडं बिलावर असं छापलं तर काट्यावरचा माणूस बिल परत करेल. पायथनमध्ये लोकेल (देश-भाषेचं सेटिंग) सेट करून गट पाडता येतात पण ते लोकेल त्या मशीनवर बसवलेलं असायला लागतंय, त्यामुळं आम्ही शेवटचे तीन सोडून पुढं दोन-दोन पाडणारं आमचंच छोटं फंक्शन ठेवलंय.

मेघा_शाहूपुरी
ब्राउझरमध्ये हे आयतं मिळतं. टू-लोकेल-स्ट्रिंगला इंग्रजी-भारत सांगितलं की १२,३४,५६७ असे गट, आणि मराठी-भारत सांगितलं तर आकडेसुद्धा देवनागरी होऊन येतात.

राजारामपुरीकर
करवीर सर, इंचाचं एकदम पटलं, बदल केला. आता पातळी नावाचा क्लासच केलाय, आत इंच. क्लासचं नाव खरंच मराठीत दिलं आणि पायथननं घेतलं, लई भारी वाटलं. त्याला एसटीआर मेथड लिहिली, ती "४२ फूट ११ इंच" असं देते. एकटी पातळी प्रिंट केली की छान येतंय, पण लिस्टमध्ये किंवा डिक्शनरीत घातली की परत पातळी ऑब्जेक्ट अॅट अमुक-तमुक पत्ता असलं येतंय. माझी मेथड का चालत नाही?

तांबडा_पांढरा
हा प्रश्न सगळ्यांना पडतो. पायथनमध्ये वस्तूची दोन रूपं आहेत, स्ट्र आणि रेपर. प्रिंटला एकटी वस्तू दिली की तो स्ट्र विचारतो. लिस्ट, टपल, डिक्शनरी मात्र स्वतःला छापताना आतल्या प्रत्येकाला रेपर विचारतात. तू रेपर लिहिलेलं नाहीस म्हणून मुळातलं आलं, पत्ता दाखवणारं.

हे मुद्दाम केलंय. लिस्टमध्ये ६ हा पूर्णांक आहे आणि ६ ही स्ट्रिंग आहे, दोघांचं स्ट्र सारखंच. स्ट्रनं छापलं तर दोन्ही एकसारखे दिसतील, रेपरनं छापल्यामुळं स्ट्रिंगला अवतरण येतं आणि फरक दिसतो. स्ट्रिंगमध्ये स्वल्पविराम असला तर लिस्टमध्ये किती घटक आहेत हेसुद्धा कळणार नाही.

रस्ट भाषेत हेच उघड करून ठेवलंय. डीबग आणि डिस्प्ले अशी दोन वेगळी ट्रेट, डीबग कंपायलरकडून आयतं काढून घेता येतं, डिस्प्ले मात्र हातानंच लिहायला लागतं, कारण माणसाला काय दाखवायचं हे कंपायलरला कसं कळणार. डीबगमध्ये मधे हॅश टाकला की तेच सुटसुटीत ओळींत येतं. गो भाषेत स्ट्रक्टला टक्का-व्ही दिलं तर नुसत्या किमती, त्यात अधिक घातलं तर फील्डची नावं, हॅश घातलं तर गो च्या कोडसारखं. जावात तर अॅरे थेट छापला की कंस, एक अक्षर आणि हॅशकोड येतो, त्याला अॅरेज.टू-स्ट्रिंग आणि आत अॅरे असतील तर डीप-टू-स्ट्रिंग.

मेघा_शाहूपुरी
मग रेपरमध्येच "४२ फूट ११ इंच" दिलं तर? लिस्टमध्येही सुंदर दिसेल आणि एकच मेथड लिहायला लागेल.

प्राध्यापक_करवीर
मेघाताई, इथं माझा ठाम विरोध आहे. रेपर हा लिहिणाऱ्याचा स्वतःशी केलेला करार आहे, आत नेमकं काय आहे ते सांगायचा. रात्री अकरा वाजता पाऊस कोसळतोय, मेसेज चुकीचा गेलाय आणि तुम्ही लॉग बघताय. लॉगमध्ये ४२ फूट ११ इंच असं दिसलं, तर ती पातळी वस्तू आहे, का कुणीतरी फॉर्ममधून आलेली नुसती अक्षरं तिथं घातलीत, हे तुम्हाला त्या ओळीवरून कळणार नाही. तेच पातळी, कंसात इंच बरोबर ५१५ असं दिसलं तर शंका राहत नाही, आणि ती ओळ उचलून थेट कोडमध्ये चिकटवता येते, तीच वस्तू परत तयार होते. चाचणी लिहायला तर हे सोन्यासारखं.

डेटाक्लास (नुसती फील्ड सांगून क्लास बनवायची पायथनची सोय) वापरलात तर हे रेपर फुकट मिळतं, आणि ३.१० पासून पीप्रिंटला डेटाक्लास कळतो, लांब असेल तर फील्डनुसार ओळी पाडतो. माणसासाठीचं स्ट्र वेगळं लिहा. आणखी प्रकार हवे असतील, म्हणजे एका ठिकाणी फूट-इंच, दुसरीकडं धोका पातळीला किती कमी, तर फॉरमॅट नावाची तिसरी मेथड आहे, एफ-स्ट्रिंगमध्ये कोलनच्या पुढं तुम्ही जे लिहाल ते तिला मिळतं, तिथं तुमचे स्वतःचे शब्द ठेवता येतात.

मेघा_शाहूपुरी
चिकटवून परत वस्तू तयार होते हे कळल्यावर माझा आग्रह सोडते. चाचणीत अपेक्षित आणि मिळालेलं शेजारी छापलं जातं तेव्हा हे फार उपयोगी पडणार.

ऊस_काटा_बिल
रेपरबद्दल एक गंभीर गोष्ट. डेटाक्लासचं रेपर सगळी फील्ड छापतंय. ग्रुपमधल्या लोकांचे फोन नंबर, शेतकऱ्याचं बँक खातं, पासवर्ड, सगळं. कुठंतरी एरर आला, वस्तू लॉगमध्ये छापली गेली की ते नंबर लॉग फाईलमध्ये बसले, आणि लॉग फाईल कोण कोण बघतंय याचा पत्ता नसतो. त्या फील्डला रेपर फॉल्स द्या. एवढी एक ओळ पहिल्या दिवशीच लिहा, लोकांनी विश्वासानं दिलेली माहिती आहे ती.

राजारामपुरीकर
दिलं लगेच, फोन नंबर त्यात होतेच.

पन्हाळ्यावरचं_धुकं
डेटा अॅनालिसिसवाले इथं कमी दिसतात म्हणून लिहितो. पूर्ण वर्षाचा पाऊस पांडाजमध्ये (पायथनची तक्त्यांची लायब्ररी) घेतला की छापताना पहिल्या पाच ओळी, शेवटच्या पाच आणि मधे ठिपके, असं होतं, कारण ६० च्या वर ओळी गेल्या की तो आखडतं घेतो. आपल्याकडं जानेवारी आणि डिसेंबर दोन्ही कोरडे, म्हणजे ज्या जुलै-ऑगस्टसाठी डेटा घेतला तोच ठिपक्यांत गेला! नम्पाय या आकड्यांच्या लायब्ररीत १००० च्या वर घटक झाले की दोन्ही टोकांचे तीन-तीन. लांब मजकूर असेल तर पांडाज ५० अक्षरांवर कापतो.

लोक काय करतात, फाईलच्या वर ग्लोबल सेटिंग बदलून टाकतात, मॅक्स-रोज (जास्तीत जास्त किती ओळी) ला नन, म्हणजे मर्यादाच नाही. मग तीच फाईल दुसऱ्यानं इम्पोर्ट केली की त्याच्याकडंही हजारो ओळी ओतल्या जातात. त्यापेक्षा ऑप्शन-कॉन्टेक्स्ट वापरा, विथ च्या आत तेवढ्यापुरतं सेटिंग, बाहेर आलं की जसं होतं तसं. नम्पायलाही प्रिंटऑप्शन्स नावाचं तसंच आहे.

आणि नम्पाय २.० म्हणजे २०२४ पासून एकट्या आकड्याचं रेपर बदललंय, नुसतं ३.० न येता पुढं एनपी.फ्लोट६४ असं लागून कंसात येतं. जुन्या चाचण्या छापलेल्या मजकुरावर बेतलेल्या होत्या त्या सगळ्या पडल्या. बदल चांगलाच आहे, कशाचा आकडा आहे ते कळतं. पण छापलेला मजकूर तुलनेला घेऊ नये, किमती घ्याव्यात.

प्राध्यापक_करवीर
धुकं यांनी विथचं जे सांगितलं ते लिस्प या प्रोग्रामिंग भाषेतून बघितलं की फार सुंदर दिसतं. कॉमन लिस्पचं अॅन्सी मानक १९९४ चं, त्यात छापण्यासाठी व्हेरिएबलांचा अख्खा संच आहे. प्रिंट-लेंग्थ म्हणजे लिस्टमधले किती घटक दाखवायचे, प्रिंट-लेव्हल म्हणजे किती खोल जायचं, प्रिंट-सर्कल म्हणजे वस्तू स्वतःकडंच परत आली तर तिला खूणनंबर देऊन एकदाच छापायचं, राइट-मार्जिन, आकड्यांचा पाया, आणि प्रिंट-रीडेबली, की जे परत वाचता येणार नाही ते छापूच नको, सरळ एरर दे. ही सगळी डायनॅमिक व्हेरिएबल, लेट मध्ये बांधली की तेवढ्या कॉलपुरती, आतल्या सगळ्या फंक्शनना लागू आणि बाहेर पडताच आधीसारखी. पांडाजचं ऑप्शन-कॉन्टेक्स्ट त्याच विचाराचं.

क्लोजर या लिस्पच्याच घराण्यातल्या भाषेतही प्रिंट-लेंग्थ आणि प्रिंट-लेव्हल आहेत आणि तिथं तर ते लागतातच, कारण न संपणाऱ्या मालिका असतात, नुसतं रेंज लिहून एंटर मारलं की तो छापतच राहतो.

ओळ कुठं तोडायची याचंही शास्त्र आहे. डेरेक ऑपेन यांनी १९८० मध्ये त्यावर जो अल्गोरिदम मांडला त्याची कल्पना अशी की मजकुरात नुसती अक्षरं न ठेवता गट आणि तोडायच्या जागा ठेवायच्या, गट उरलेल्या रुंदीत बसला तर एका ओळीत, नाही बसला तर त्याच्या जागांवर तोडायचं, आणि हे करताना अख्खा मजकूर आधी हातात असायची गरज नाही, एका ओळीच्या रुंदीएवढं पुढं बघितलं की पुरतं. पुढं जॉन ह्यूज आणि फिलिप वॉडलर यांनी फंक्शनल भाषांत त्याची सुटसुटीत रूपं केली. आज कोड आपोआप नीट लावणारी जी साधनं आपण सेव्ह करताना वापरतो त्यांतल्या बऱ्याच जणांच्या पोटात हाच विचार आहे.

रंकाळा_कट्टा
वाचतोय. सर, असलं अजून लिहा.

राजारामपुरीकर
सर, रुंदीवरनं आठवलं. पीपी ची विड्थ ८० आहे म्हणे, पण माझ्या ओळी ८० च्या कितीतरी आधीच तुटतात. आणि तालुक्यांची नावं डावीकडं, पाऊस उजवीकडं असा तक्ता करायला एफ-स्ट्रिंगमध्ये रुंदी १५ दिली तर आकडे एका रेषेत येतच नाहीत, करवीर पुढं आणि हातकणंगले मागं असं नागमोडी होतंय.

उद्यमनगर_वर्कशॉप
कारण एकच. पायथन रुंदी मोजतोय ती कोडपॉइंटनी, म्हणजे युनिकोडचा एकेक नंबर धरून. कोल्हापूर हा शब्द घे, क, मग ओकार, ल, हलन्त, ह, काना, प, दीर्घ ऊकार, र, झाले ९. डोळ्याला दिसतात को, ल्हा, पू, र, ही चारच. त्यामुळं पीपीला वाटतं ओळ भरली, प्रत्यक्षात अर्धी रिकामी. मराठी डेटा असेल तर विड्थ १२०-१४० दे बिनधास्त.

तक्त्याचं मात्र सांगतो, स्पेस मोजून मराठी एका रेषेत आणायच्या नादाला लागू नको. अक्षरगट मोजणारी लायब्ररी घेतली तरी ल्हा ची रुंदी र एवढी नसते, ती फॉन्टवर ठरते, आणि व्हॉट्सअॅपवर समोरच्याच्या मोबाईलचा फॉन्ट कुठला ते तुझ्या हातात नाही. आकडा आधी लिही, नाव नंतर. आकड्यांची रुंदी ठरलेली, ते एका रेषेत बसतात, नावं उजवीकडं मोकळी सोड.

८४.२  गगनबावडा
३१.०  राधानगरी
 ९.५  शिरोळ

हे आकडे नुसते नमुन्याचे. खरा तक्ताच पाहिजे असेल तर एचटीएमएल कर नाहीतर एक्सेल, तिथं रकान्याची सोय आहे.

तांबडा_पांढरा
आकडा आधी, नाव नंतर, ही युक्ती एकदम नाद खुळा. देवनागरी आकडे पाहिजेत तर शेवटच्या स्ट्रिंगवर ट्रान्सलेट लावायचं, दहा आकड्यांचा नकाशा बास. तेही अगदी शेवटी, छापायच्या दारात, आत नाही. गंमत म्हणजे उलटं पायथनला येतंय, इंट ला देवनागरी ५१५ ची स्ट्रिंग दिली तर तो बरोबर वाचतो.

आणि डीबग करताना एफ-स्ट्रिंगमध्ये व्हेरिएबलच्या पुढं बरोबरचं चिन्ह टाक, ३.८ पासून चालतंय, नाव आणि रेपर दोन्ही छापून येतात.

राजारामपुरीकर
सगळं ऐकून आता अशी मांडणी केली. पातळी, पाऊस, दरवाजे तिन्ही डेटाक्लास, आत पूर्णांक, पाऊस मिलिमीटरच्या दहाव्या भागांत पूर्णांक. लॉगला रेपर, विड्थ १२०, पीपी. ग्रुपसाठी एक वेगळं फंक्शन, ज्यात फूट-इंच, देवनागरी आकडे, आकडा आधी नाव नंतर. ४२ फूट ११ इंच घालून बघितलं, धोका पातळीला १ इंच कमी असं येतंय, ४३ येत नाही. ऑफिसच्या विंडोज मशीनवर मात्र एक विचित्र होतंय, स्क्रीनवर मराठी येतंय, तीच प्रिंट बाणानं फाईलला वळवली की युनिकोड-एन्कोड-एरर.

उद्यमनगर_वर्कशॉप
विंडोजवर ३.६ पासून कन्सोलला युनिकोड थेट जातंय, म्हणून स्क्रीनवर दिसतंय. फाईलला वळवलं की तो मशीनचं जुनं कोडपेज (अक्षरांचा तक्ता) घेतोय, बहुतेक १२५२, त्यात देवनागरी नाहीच. एन्व्हायरन्मेंटमध्ये पायथन-यूटीएफ-८ ला १ दे, ३.७ पासून चालतंय. नाहीतर बाण सोड, कोडमध्येच फाईल उघड आणि एन्कोडिंग सांग.

राजारामपुरीकर
झालं! आता तीच यादी सीएसव्ही करून ग्रामपंचायतीला द्यायची आहे, त्यांच्याकडं एक्सेलमध्ये मराठी मोडतंय.

ऊस_काटा_बिल
सीएसव्ही लिहिताना एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग दे, नुसतं यूटीएफ-८ नको. सुरुवातीला एक खूण बसते, ती बघून एक्सेल ओळखतंय. आणि पातळीचा रकाना दोन भागांत दे, फूट वेगळं आणि इंच वेगळं, एकत्र दिलंस तर तिथं कुणीतरी ४२.११ असं टाइप करून दशांश करून टाकेल.